तीन टप्प्यांतले ग्लॅडिओला

सांता एलेना,
२० जुलै

प्रिय यादिरा,

माझं अक्षर बघून कपाळाला आठ्या घालशील. घाल, पण फाडण्याआधी वाच. फुलांच्या मिरवणुकीला अठरा दिवस उरलेत आणि आपल्या घरची सिय्येता उचलायला कुणी नाही. फुलांनी भरलेली ती लाकडी चौकट पाठीवर घेऊन मेदेयीनच्या रस्त्यांवरून चालणं आता माझ्या गुडघ्यांना झेपायचं नाही. विल्मारचा सारखा फोन येतो, "आई, मीच उचलणार, रक्ताचा हक्क आहे माझा."

फुलं मात्र अशी आलीत म्हणून सांगू! शेवंती तर बघत राहावी अशी. आठवतं, पहिल्या वर्षी तू तिचीच रोपं तण समजून उपटली होतीस? मी अख्ख्या डोंगरभर सांगत सुटले होते, "समुद्रकाठची पोर, हिला मासळीशिवाय काय कळणार!" तू मात्र तीन स्वेटर चढवून वाफ्यापाशी बसायचीस आणि कुठलं फूल किती दिवसांत येतं ते वहीत लिहायचीस. मग ऑगस्टपासून उलटे दिवस मोजून तो मोठा कागद केलास आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर चिकटवलास.

फेब्रुवारीत तू गेलीस, तेव्हा तो कागद चुलीत घालणार होते. खोटं कशाला बोलू? पण त्यावर लिहिलं होतं, "मार्च : कोरडे दिवस संपले की शेणखत." म्हटलं, बघू तर खरं. मग पावसाळ्यात चर खणले, तू लिहिलंस तेव्हाच शेवंतीचे शेंडे खुडले. ग्लॅडिओलाचे कंद मात्र तीन टप्प्यांत, आठ-आठ दिवसांनी लावायचे, हे वाचून मी पुन्हा हसले. आम्ही जन्मभर एकाच दिवशी लावत आलो. पण लावले बाई, तू म्हणतेस तसेच.

जूनमध्ये गारा पडल्या. पहिला टप्पा पार झोपला. शेजारच्या एलियोदोराचा तर सगळाच वाफा गेला, बिचारी बांधावर बसून रडली. आपले मागचे दोन टप्पे तेव्हा गुडघ्याएवढेही नव्हते, ते वाचले. आता लालभडक कळ्या धरल्यात. तिला म्हटलं, "हवे तेवढे ने, माझ्या सुनेची कमाई आहे." किती हुशार गं तू! पन्नास वर्षं मातीत हात घालून मला हे सुचलं नाही. तोंडावर कधी बोलले नाही, आता लिहिते.

आणि ज्यासाठी लिहायला बसले, ते हे. विल्मारने त्या बाईला घरात आणून उभं केलं, तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस. मी तव्यावरच्या मक्याच्या अरेपा उलटत राहिले. पोटचा पोरगा म्हणून तोंड शिवून घेतलं. ते अजून खातंय मला.

परवा नावनोंदणीच्या कागदावर माझ्या जागी तुझं नाव घातलं. मग चौकटीचे पट्टे सोडवले आणि तुझ्या मापाने नवे लावून घेतले. तू चांगली वीतभर उंच, विल्मार माझ्यासारखा ठेंगणा. काल त्याने शहरातून येऊन चौकट पाठीला लावली, तर ती कमरेखाली लोंबायला लागली. "हे कुणाच्या मापाचं?" म्हणून ओरडला.

मी म्हटलं, "जिने बाग लावली, तिच्या." हे मी फेब्रुवारीतच बोलायला हवं होतं. तुझा जाड स्वेटर धुऊन वाळत घातलाय.

तुझीच, म्हणू देशील तर तुझी आई,
ओतिलिया