मधुकररावांच्या पुस्तकातला हेर

इतवारी, नागपूर

ती. कुसुमताईस धाकट्या रुपरावचा पाया पडून नमस्कार.

ज्या लिफाफ्यातून हे पत्र निघालं तो लिफाफा, त्याला लावलेली खळ, हा पॅड, पॅडची कापडी पाठ आणि ज्यावर टेकून लिहितो आहे तो टेबल, हे सगळं मी माझ्या हातानं केलेलं आहे. (टेबलाचा चौथा पाय सुताराचा. तोच डुगडुगतो.) तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचं बीपी? इकडे सर्व क्षेम आहे. तुझ्या लेकीनं, भूमिकेनं, रडत रडत तुला जे सांगितलं, त्यात चुका फार आहेत. मी दुकानाचं शटर पाडलं नव्हतं. अर्धंच ओढलं होतं.

तर रामदासपेठेतले मधुकरराव, म्हणजे आपल्या भूमिकेला पसंत असलेल्या पुष्करचे वडील, हे जुन्या दुर्मीळ पुस्तकांचे शौकीन. मुलीचा मामा बाइंडर आहे हे कळल्यावर त्यांनी एक पुस्तक माझ्याकडे बांधायला दिलं. इंग्रज अमदानीतलं, नदीवरच्या पुलांचं, आत घडीचे नकाशे. खोललं तर शिवण नायलॉनच्या दोऱ्याची! इंग्रजांच्या काळात कुठला आला नायलॉन? म्हणजे मधल्या काळात कोणीतरी ते उसवून पुन्हा बांधलेलं. बांधताना पुस्तकाच्या पाठीला आतून रद्दीचा कागद चिकटवतात, मजबुतीसाठी. तो मी ओल्या फडक्यानं भिजवून हळूहळू सोडवला, तर एक छापील पट्टी निघाली. तिच्यावर एवढंच शिल्लक: ‘हेर आणू नये. आपली वाट पाहतो. गांधीबाग, सायंकाळी.’

आता तूच सांग ताई. पूल, नकाशे आणि वर ही सूचना. दुसरा कोणी असता तर त्यानं हसून सोडून दिलं असतं. पण वाचनालयाच्या रहस्यकादंबऱ्या बांधायला माझ्याकडेच येतात आणि वाचल्याशिवाय मी एकही शिवत नाही. बहुतेकींचं शेवटचं पान गहाळ असतं, त्यामुळे गुन्हेगार मलाच शोधावा लागतो. (ही विद्या मला कोणी शिकवलेली नाही. बाइंडिंगही नाही.) माझं उत्तर चुकलं असं सांगायला आजवर एकही लेखक दुकानात आलेला नाही.

शनिवारी मधुकरराव, त्यांच्या सौ. सिंधूताई आणि पुष्कर पुस्तक पाहायला आले. मी चहा मागवला, शटर अर्धं ओढलं आणि आडवळणानं सुरुवात केली.

“तुमचा हेराचा रिवाज काय जी?”

“बिलकुल नाही,” मधुकरराव म्हणाले. “आमच्या घराण्यात कोणी घेतला नाही.”

“दिला असेल?”

“देणं तर पडतेच ना भाऊ. मागच्या महिन्यातच वर्ध्याले दिला.”

“उघड?”

“उघड काहून? पाकिटात घालून!”

ताई, माझ्या अंगावर काटा आला. इतका सरळ कबुलीजबाब मी कुठल्याच कादंबरीत वाचला नव्हता. मी उभा राहून म्हटलं, “कोणत्या देशासाठी?”

“देशासाठी? मावशीच्या पोरीसाठी!”

मग मी पट्टी पुढे टाकली. सिंधूताईंनी चष्मा लावला, पट्टी उजेडाकडे धरली आणि तोंडाला पदर लावला. “अवो भाऊ, हे लग्नाची पत्रिका होय. आहेर आणू नये. आ कसरीनं खाल्ला.” (कसर म्हणजे वाळवी नव्हे, लोक नेहमी गल्लत करतात. कसर चंदेरी असते आणि खळीच्या वासावर येते. पट्टीच्या कडेला तिनं कुरतडल्याच्या खुणा मला दिसल्याही होत्या. तिनं नेमकं काय खाल्लं हे तेवढं पाहिलं नाही.)

पुष्कर हसला. मधुकरराव हसले नाहीत. आधी माणूस आहेराची चौकशी करतो, मग देशद्रोही ठरवतो, म्हणून ते फार दुखावले. पुठ्ठा नसलेलं उघडं पुस्तक काखेत मारून म्हणाले, “कळवतो.” मुलाकडच्यांनी ‘कळवतो’ म्हटलं की त्याचा अर्थ काय, हे तुला मी काय सांगू. भूमिकेनं जेवण सोडलं तेव्हाच. मलाही त्या रात्री भात गेला नाही. पोरीचं ठरत आलेलं मी एका अक्षरापायी मोडलं, हे काही केल्या डोक्यातून जाईना.

पण आज सकाळी सिंधूताई एकट्याच आल्या, पुस्तक घेऊन. म्हणाल्या, “मी घरी जाईपर्यंत हसून राहिली होती. पोरीचा मामा एवढा तपास करते, मंग तिले तरास द्यायची आमच्या घरी कोणाची हिंमत होईल जी? यांचं तोंड अजून फुगलेलं आहे, पण रविवारी आम्ही बैठकीले अमरावतीले येतो. पोरीले म्हणा, जेव.”

तेव्हा तिला आधी जेवू घाल, पत्र मग पुरं वाच.

तुझा
रुपराव

ता. क. रविवारी सांबारवड्या कर, कोथिंबीर सढळ हातानं घालून. मधुकररावांचा राग गरम सांबारवडीपुढे टिकणार नाही असा सिंधूताईंचा अंदाज आहे, आणि त्यांचे अंदाज माझ्यापेक्षा बरे दिसतात.

ता. क. दुसरा. मला बैठकीचं बोलावणं तू स्वतः कर, भाऊजींवर सोपवू नको. वरचं लिहून झालं आणि तू देवळात गेलेली असताना त्यांचा फोन आला; रविवारचं मी त्यांना सांगून टाकलं. मी रविवारी नागपुरातच राहावं, त्याबद्दल ते पैसे देतील, असा त्यांचा प्रस्ताव. मी तो नाकारला. माणसानं येऊ नये म्हणूनही त्यांनी वर शकुनाचा रुपया ठेवला होता, हे मात्र मनाला लागलं. रक्कम रुपये पाच हजार एक.