खिडकीतून दिसणारी नावं

मोखाडा, एप्रिल २००२, मंगळवार

नावं काढणार नाही. साहेबांना ओरडायचं तर ओरडू देत.

कुठल्या पाड्याला पाण्याचा टँकर जाणार, ती यादी करायला माझ्या प्रोग्रामला वीस मिनिटं लागतात. तोवर स्क्रीन ढिम्म असायची, आणि साहेब ‘हँग झाला’ म्हणत बटणच बंद करायचे. दोनदा! म्हणून आता ज्या पाड्याचं काम चालू असेल, त्याचं नाव स्क्रीनवर येतं. तर म्हणे, "नावांपायी पाच मिनिटं जादा जातात. काढ ती."

काढू? आज सूर्यमाळची एक बाई कचेरीच्या खिडकीतून नावं वाचत उभी होती. यादी संपल्यावर म्हणाली, "बाय, आमचा पाडा नाय आला." खरंच नव्हता. मीच भरायला विसरले होते.

पाडा भरला. नावांची अक्षरं दुप्पट मोठी केली. स्क्रीन खिडकीकडे वळवून ठेवलीय.