सातबाऱ्यावर नसलेली माती

शंभू, कंबर कशी आहे? पट्टा बांधतोस की खुंटीलाच टांगलाय? शारदा, सूनबाई, तुझे गुडघे काय म्हणतात? विलास, बांधशेजाऱ्या, खोकला गेला का? लेक साधना समोरच बसली आहे, तिचं पित्त तिच्या तोंडावरच दिसतं. मृत्युपत्रात कुणी ख्यालीखुशाली विचारत नाही, असं ती म्हणते. पण हा कागद वाचाल तेव्हा विचारायला मी नसेन, म्हणून आत्ताच विचारून घेते.

आता कायद्याचं. मी धोंडाबाई गेनू केदारी, वय चौऱ्याहत्तरच्या आसपास, राहणार घोटावडे, तालुका मुळशी, सध्या मुक्काम लेकीकडे बावधनला, असं लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. काळीज नाही. ते अजून खाचराच्या काठावर उभं आहे. मला कुणी धाक घातलेला नाही, गोड बोलून सही घेतलेली नाही. शाळेत गेले नाही, एसटीच्या पाट्या वाचून अक्षर शिकले, तेव्हा चुका माझ्याच. आजवर तोंडी जे वाटप ठरवलं होतं ते मी मोडते.

कलम पहिले. राहतं घर शंभू आणि शारदा यांना. चूल शारदाची. तिनं माझं बारा महिने केलं आणि वर तोंड केलं नाही. एकदाच केलं, तेव्हा तिचंच खरं होतं.

कलम दुसरे. डोंगराकडचं वरचं शेत. याबद्दल आधी हकीकत सांगावी लागेल.

हिवाळ्यात शुभांगीताई मातीची पाहणी करायला आल्या होत्या. त्यांनी गिरमिटानं जमिनीत भोकं पाडली, दोन खड्डे खणले आणि मला आत उतरवलं. वरच्या शेतात वीतभर खाली गेलं की मुरूम लागला. खालच्या भातखाचरात मात्र खड्ड्याची भिंत गोधडीसारखी होती, थरावर थर, कंबरेपर्यंत माती. ताई म्हणाल्या, "आजी, वरच्या शेतात नांगर घालू नका, वाहून जाईल. गवत ठेवा, झाडं लावा. खोल्या बांधायच्याच असतील तर तिथंच बांधा. खालचं खाचर मात्र जपा. बोटभर माती व्हायला कैक पिढ्या जातात." जन्मभर त्या जमिनीत वाकले, पण आपण किती खोल उभ्या आहोत हे मला त्या दिवशी कळलं. त्यांनी रंगीत नकाशा दिला. तो मी देवाच्या फोटोशेजारी लावला.

तर वरचं शेत दोघां भावंडांना निम्मं निम्मं. खोल्या बांधा, भाडं खा. घर मुरमावर उभं राहतं, भात मातीवर.

कलम तिसरे. खालचं खाचर.



चैत्रात मी डोळ्याच्या ऑपरेशनला साधनाकडे आले. पट्टी सुटली, ड्रॉप्स सुरू झाले आणि एका सकाळी सोसायटीच्या बागेत जाऊन बसले. गुलाबाच्या नव्या वाफ्यात हिरवी पाती उभी. मी म्हटलं, "साधने, भात उगवलाय."

"गवत आहे गं आई. माळी काढेल."

"गवत न्हाई. आपला आंबेमोहोर हाय."

"आई, ड्रॉप्सनी काहीतरीच दिसतंय तुला."

"डोळ्याला दिसत नसंल, नाकाला काय धाड भरलीय?" पान चुरगाळून मी तिच्या नाकाशी धरलं. तिनं पुन्हा एकदा हुंगलं. माळ्याला विचारलं, माती कुठली. तो म्हणाला, "मुलशी साइड से गाड़ी आया था, अम्मा." मी कपाळाला हात लावला. म्हटलं, कुणा अभाग्याचं खाचर खरवडलं असेल, त्याच्या म्हातारीचा जीव काय म्हणत असेल! रात्रीचं जेवण गेलं नाही मला. परक्याच्या दुःखानं.

चार दिवसांनी घरी गेले. ते परक्याचं नव्हतं.

"शंभू, खाचर कुटं गेलं?"

"कुटं जातंय? हितंच हाय की."

"मंजी मी आंधळी हुते तेच बरं हुतं!"

"आये, सातबारा काढून बघ. एक गुंठा कमी भरला तर माझं नाव बदल. जमीन इकली न्हाई मी. नुसती वरची माती दिली, मातीवाल्याला सोसायटीच्या बागंला पायजे हुती. आता खाली कडक लागलंय, खोल्या बांधायला लई झ्याक."

"आन खड्डा कुटं मारायचा हे त्यांना कुणी सांगितलं?"

त्यानं भिंतीकडं बोट केलं. मातीवाल्यानं नकाशा बघितला होता. सगळ्यात गडद हिरवं जिथं, तिथंच माती खोल. जपण्यासाठी काढलेला नकाशा, त्यानं लुटीला वापरला. मी नकाशा भिंतीवरनं काढून पिशवीत घातला. त्याच पावली पिशवी उचलली आणि इथं परत आले.

शंभू, तू चोर नाहीस. तू सातबाऱ्याला जमीन समजलास. त्यावर क्षेत्र असतं, माती किती खोल ते कुठं लिहिलेलं असतं? म्हणून ताईंचा नकाशा मी या कागदाला जोडते. माझ्या घराण्यात यापुढं कुणी पाया खणण्याआधी माती बघावी.

त्या खाचराचा एक कोपरा वाचला आहे, राबाचा. दर साली फांद्या-पाचोळा भाजून मी तिथंच रोपं टाकली. वळणावर आंबा आहे, डंपर आत शिरला नाही. तो कोपरा माझं विरजण आहे. पातेलं रिकामं झालं तरी विरजण शिल्लक असलं की दही पुन्हा लागतं.

म्हणून खाचर शंभूलाच, पण अटी अशा. मृगाच्या आत कोपऱ्याखाली दगडाची ताल, म्हणजे माती अडवणारा बांध, घालायची, नाहीतर पहिल्याच पाण्यात तोही जाईल. दर उन्हाळ्यात माती घालायची. खाचरातून माती किंवा मुरूम एक पाटीही बाहेर जाणार नाही. अटी नाकारल्या तर खाचर साधनाला, कसायला विलासकडे.

कलम चौथे. विलास, शेजारी, याच्याशी मी बांध कोरण्यावरून तीस वर्षं बोलत नव्हते. परवा तो इथं मला बघायला आला, उंबऱ्यातच म्हणाला, "काकी, पावसात तुमची माती वाहून माझ्याच बांधाला साठत आली. घमेल्यानं न्या, मी मोजणार न्हाई." रांडेच्या, हे आधी बोलला असतास तर? भांडण मिटलं. माझा पितळी तांब्या त्याला.

कलम पाचवे. इरलं साधनाला. हॉलमध्ये शोभेला टांगू नये, ते पांघरून पावसात लावणीला यावं. कोयता शारदाला. फावडं आणि दोन घमेली शंभूला. मोठं घमेलं घेऊ नकोस, कंबर आहे. लहान घे, फेऱ्या जास्त मार.

या कागदाची अंमलबजावणी साधनानं करावी.

साक्षीदार: १) विलास भिकू मातेरे, घोटावडे. २) शुभांगी शेखर देवकर, माती पाहणीवाल्या. दोघांनी माझ्यासमोर, मी त्यांच्यासमोर सही केली.

सही: धोंडाबाई गेनू केदारी
बावधन, दिनांक १८ मे २०२५

ता. क. शंभू, मृत्युपत्र मेल्यावर उघडतात. याची नक्कल मी तुला आजच विलासच्या हाती धाडते, कारण मृग माझ्या मरणासाठी थांबणार नाही. फोन नको. फोनवरचं तुझं "बरं, बरं" मला पाठ आहे. ताल घालतोस की नाही एवढंच लिही. कोपऱ्यातली चिमूटभर माती पाकिटात घाल, नाक अजून शाबूत आहे. उत्तर लवकर धाड. घालतोस म्हणालास तर लहान घमेलं मी धरते.