‘मिठाची कोठी’ची फाडलेली चार पाने

रविवार, दिनांक १० ऑक्टोबर १९४८, दुपारी पावणेचार वाजता. घड्याळ माझ्या समोरच्या भिंतीवर आहे आणि त्याला रोज मी स्वतः किल्ली देते, तेव्हा वेळेबद्दल कोणी वाद घालू नये. या वेळी माझा भाचा चि. सूर्यकांत माणिकराव मुळावेकर, वय अठ्ठावीस, याने माझ्या घरात, माझ्या खुर्चीवर बसून, मी लिहिलेल्या ‘मिठाची कोठी’ या नाटकाच्या वहीतली शेवटची चार पाने फाडून खिशात घातली. मी आत पाणी आणायला गेले होते. पाणी त्याच्यासाठीच होते. वहीचा कागद फाटल्याचा आवाज मी शाळेत एकतीस वर्षे ऐकला आहे. तो मला दोन खोल्यांपलीकडूनही ओळखू येतो.

मी, सरला बंडोपंत मुळावेकर, वय चौसष्ट, अविवाहित, मुलींच्या शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका, राहणार हिंगोली, स्टेशन रस्ता, हे मृत्युपत्र आपखुशीने व पुऱ्या शुद्धीत स्वहस्ते लिहिते. डॉक्टर म्हणतात काळीज थकले आहे. डोक्याबद्दल त्यांची तक्रार नाही.

घाई का, ते आधी सांगते. सोमवारी, २५ तारखेला, माझ्याकडे राहणारी शिक्षिका रहिमतबी हिची चौकशी आहे. तिने गेल्या उन्हाळ्यात रझाकारांना आमच्या गल्लीतल्या माणसांची खबर दिली, असा तिच्यावर आरोप आहे. तो खोटा आहे हे चौकशीत सांगू शकतील अशी तीनच माणसे आहेत: रहिमत, मी आणि सूर्यकांत. रहिमतचे कोणी ऐकत नाही. माझ्याबद्दल म्हणतात, बाईंचे वय झाले, आणि कॉन्व्हेंटात शिकलेल्या, त्यांना सगळे सारखेच. सूर्यकांत मात्र विजयोत्सव समितीचा चिटणीस आहे. त्याचे ऐकतील, आणि तो बोलत नाही. जिवंत म्हातारीचे बोलणे लोक कानाआड करतात, पण मेलेल्या म्हातारीचा सही-साक्षीचा कागद भर चारचौघांत वाचतात. सोमवारपर्यंत मी टिकेन की नाही, सांगता येत नाही. म्हणून हा कागद.

कलम पहिले. स्टेशन रस्त्यावरचे माझे तीन खोल्यांचे घर, मागची विहीर आणि पेरूचे झाड यांसह, मी रहिमतबीला देते. हे घर माझ्या वडिलांनी इथल्या लष्करी छावणीतल्या कारकुनीच्या कमाईवर बांधले आणि माझ्या नावे केले. त्यात कोणाचा वाटा नाही. रहिमत आठव्या वर्षापासून माझी विद्यार्थिनी, आई गेल्यापासून माझ्या घरात. सहा वर्षे शाळेत शिकवत होती. या महिन्याच्या पाच तारखेला तिला शाळेतून काढले. तेव्हापासून ती मागच्या खोलीत पडदा ओढून बसते आणि घरी आणलेल्या चौथीच्या वह्या तपासते. मी म्हटले, “आता कशाला?” तर म्हणाली, “पोरींची काय चूक, बाई? त्यांनी तर लिहून दिलंय.”

आमच्या दारावर कोणीतरी खडूने फुली मारली आहे. मी ती दोनदा पुसली, तिसऱ्यांदा पुन्हा आली. खडू शाळेचा आहे. तो मीच मागवत असे, मला त्याची भुकटी ओळखू येते. मी दिवसातून सहा वेळा कडी तपासते, आणि तपासली की नाही ते विसरून सातव्यांदा जाते.

कलम दुसरे: सोमवार, दिनांक १९ एप्रिल १९४८ बद्दल. हे कलम मालमत्तेचे नाही, तरी ते येथेच राहील.

सूर्यकांत या वर्षी सरहद्दीपलीकडे, निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या उमरखेडच्या छावणीत गेला होता, हे खरे. तिथे तो बारा दिवस होता. ताप आला म्हणून परत आला. ताप येणे हा गुन्हा नाही. मग सहा आठवडे माझ्या घरात लपला, हाही गुन्हा नाही. साखरा गावच्या माझ्या शेतातली हळदीची कणी, म्हणजे हळकुंडांचा तुटका चुरा, भरलेली चौदा पोती मागच्या खोलीत रचलेली होती. त्या थप्पीमागे त्याचे अंथरूण असे.

त्या दिवशी सकाळी दहा वाजता रहिमतचा भाऊ दस्तगीर चार हत्यारबंद रझाकार घेऊन आला. हा दस्तगीर माझ्या ओसरीवर बसून पाढे म्हणत असे. सातचा पाढा त्याला कधी आला नाही. तो माझ्याकडे न बघता थेट मागच्या खोलीच्या दाराशी गेला. रहिमत उंबऱ्यात उभी राहिली.

“आपा, अंदर क्या हय?”

“हल्दी हय. आणखी काय असणार?”

“पीछे कोई हय करके बोल रहे लोगां.”

“लोगां तर तुलाबी लई शहाणा म्हणतेत. ठैर.”

असे म्हणून तिने खुंटीवरची परखी काढली. मोंढ्याच्या बाजारात पोत्यात खुपसून आतला माल बघतात ती लोखंडी, पन्हळीसारखी परखी. ती तिने स्वतःच्या हाताने पुढच्या पोत्यात मुठीपर्यंत खुपसली, बाहेर काढली आणि दस्तगीरच्या तळहातावर रिकामी केली. “बघ. चाख. दुसऱ्यात घालू? चौदा हैत. तुझे मानसं संध्याकाळपर्यंत बसनार असतील तर चहा टाकते.” त्याच्याबरोबरचा एक जण हसला. दस्तगीरला घाम फुटला होता; त्याने त्याच हाताने कपाळ पुसले आणि निघून गेला. मी ओसरीवर बसले होते. माझ्या हातातले विणकाम मी दुसऱ्या दिवशी पाहिले. एकही टाका सुटला नव्हता, पण सगळे उलटे विणले होते.

आता शेजारच्या अनुसयाबाईंविषयी. त्यांनी मागच्या भिंतीवरून एवढेच पाहिले की, दस्तगीर आमच्या घरातून निघाला तेव्हा त्याचा हात पिवळा आणि कपाळ पिवळे होते. आपल्याकडे बहीण भावाला मोहिमेवर धाडताना हळद लावते. अनुसयाबाईंनी दोन आणि दोन बावीस केले: जिने धाडला, तिनेच खबरही दिली. “म्या माज्या डोळ्यानं बघितलं, बाई,” त्या मला तोंडावर म्हणाल्या, “हळद लावून धाडला तिनं भावाला. लगीनघरासारखी पिवळी हळद!” मी विचारले, हळद लावताना पाहिलीत? “लावताना न्हाई, लावल्यावर बघितलं. मंग ती काय आपोआप लागली व्हय?” बाई खोटे बोलत नाहीत, हीच अडचण आहे. चौकशीत त्यांची हीच साक्ष आहे. दस्तगीरचे कोणी ऐकणार नाही, आणि ती मोडू शकेल असा एकच माणूस पोत्यांमागे श्वास रोखून बसला होता.

सप्टेंबरात निजामाचे राज्य गेले तेव्हा सूर्यकांतला छावणीतून आलेला वीर म्हणून हार घातले गेले. त्याने नाही म्हटले नाही. एप्रिलात तो कुठे होता, तर उमरखेडला, असे तो सांगतो. ते वाक्य आता इतक्यांदा बोलून झाले आहे की, खरे सांगायचे तर आधी गळ्यातला हार काढावा लागेल. मी त्याला विचारले. म्हणाला, “आत्या, तुमी यात पडू नका. सगळं बराबर होईल.” कसे होईल? “होईल.” एवढा मोठा गृहस्थ, एवढे लहान उत्तर.

मी रहिमतला म्हटले, तू तरी त्याचे नाव घे. ती म्हणाली, “मी नाव घेतलं तर मेहरबानी वसूल करून राहिली असं व्हईल. अन् मानणार कोण? त्यांनीच सांगितलं तर बात.”

कलम तिसरे. साखऱ्याची अकरा एकर जमीन, विहिरीसह, सूर्यकांतला देते. वडिलांची तशी इच्छा होती. या जमिनीला मी कोणतीही अट घालत नाही. त्याने रहिमतबद्दल खरे सांगितले तरी जमीन त्याची, गप्प बसला तरी त्याची. जमिनीसाठी साक्ष दिली असे उद्या कोणी म्हणू नये. मात्र जमीन मिळाली म्हणजे माझी माफी मिळाली, असाही अर्थ काढू नये. वर उल्लेखिलेली परखीही त्यालाच द्यावी. त्याच्या बैठकीत, हारांच्या खुंटीवर टांगावी.

कलम चौथे. ‘मिठाची कोठी’ हे नाटक. हे मी १९३८ साली शाळेच्या मुलींसाठी लिहिले. देवगिरीच्या वेढ्यात घाईघाईने गडावर चढवलेली पोती उघडली तेव्हा धान्याऐवजी मीठ निघाले, अशी जुनी गोष्ट सांगतात. पोती मोजली होती, कोणी परखी घालून पाहिली नव्हती. बाकी सगळे माझ्या मनचे आहे. कोठीवाल्याची मुलगी कनकाई गडात उपाशी. बाहेर उत्तरेच्या फौजेत नसीर नावाचा तरुण शिपाई, त्याच्या भाकरीला मीठ नाही. तटाच्या मोरीतून ती मूठभर मीठ देते, तो मूठभर ज्वारी देतो. दोघेही आपापल्या लोकांशी बेइमान, आणि दोघांनाही ते ठाऊक. गड पडतो, फौज ठाण मांडते. काही वर्षांनी लोक उठतात, ठाण्यातले शिपाई कापून काढतात, आणि कनकाई नसीरला रिकाम्या कोठीत लपवून दारात उभी राहते. “आत काय आहे?” “मीठ.” मग फौज परत येते आणि कनकाईला बंडखोर म्हणून धरते. शेवटच्या चार पानांत नसीर आपल्याच सरदारासमोर पुढे होतो आणि म्हणतो, “हिने मला वाचवले.” त्याचेच सोबती त्याच्यावर थुंकतात. पडदा.

सूर्यकांतने फाडली ती हीच चार पाने. उत्सवात नाटक करायचे म्हणून वही मागायला आला होता. जाताना नवा शेवट टेबलावर ठेवून गेला: कनकाई कोठीचे दार उघडते, नसीरच्या पोटात कट्यार खुपसते आणि घोषणा देते. त्यात शुद्धलेखनाच्या सात चुका आहेत. त्या दुरुस्त करून मी तो परत पाठवला आहे.

३८ साली मी मुद्दाम रहिमतला कनकाई केले आणि साखऱ्याच्या नर्मदेला नसीर. परवानगीच्या अर्जावर विषय ‘मिठाची साठवण’ असा लिहिला. निजाम सरकारच्या साहेबांना ते स्वयंपाकशास्त्र वाटले. नर्मदेचे वडील सोनाजी बैलगाडी जुंपून भांडायला आले. “बाई, माजी पोरगी काहून तुरकाचं सोंग घेऊन राहिली?” मी म्हटले, शत्रूचे सोंग कोणीच घेतले नाही तर गड कोणाशी लढायचा? त्यांनी डोके खाजवले. मग म्हणाले, “मंग तलवार तरी चांगली द्या तिला.” प्रयोगात नर्मदा शेवटचे वाक्य विसरली. रहिमतने, हात बांधलेल्या कैद्याने, तिला ते हळूच सांगितले: “म्हण ना, हिनं मला वाचवलं.” पहिल्या रांगेत सूर्यकांत बसला होता. अठरा वर्षांचा. तो रडला होता, मी पाहिले आहे.

फाडलेली पाने मी आठवून पुन्हा लिहिली आहेत. वही नर्मदाबाईंकडे, साखऱ्यास राहील. त्या शेवटाविना हे नाटक कोणीही, कोणत्याही विजयाच्या निमित्ताने करू नये. माझ्या दोन बांगड्याही नर्मदाबाईंनाच द्याव्यात.

कलम पाचवे. शिवणयंत्र आणि पुस्तके शाळेला. मला त्या शाळेचा राग आलेला आहे, मुलींचा आलेला नाही. वडिलांची काळी छत्री अनुसयाबाईंना, मागच्या भिंतीवरून बघताना ऊन लागू नये म्हणून. भिंतीवरचे घड्याळ रहिमतला. किल्ली डावीकडे फिरवावी, अकराच वेळा.

कलम सहावे: अंत्यसंस्कार. लाकडे थोडी वापरावीत, भाषणे मुळीच करू नयेत. अग्नी देण्याचा अधिकार रीतीप्रमाणे सूर्यकांतचा, कारण मला मूलबाळ नाही. हा अधिकार मी राखून ठेवते. जमिनीला अट घातली नाही, अग्नीला घालते. खाली विचारलेल्या प्रश्नाचे त्याने लेखी उत्तर दिल्याखेरीज त्याने माझ्या चितेजवळ येऊ नये. न दिल्यास नर्मदाबाईंनी अग्नी द्यावा. भटजींनी हरकत घेतली तर त्यांना हा कागद दाखवावा, आणि तरीही घेतली तर भटजींविना उरकावे.

सिकंदराबादेच्या कॉन्व्हेंटात दर शनिवारी ख्रिस्ती मुली रांगेने पाद्र्याकडे पापांची कबुली द्यायला जात. आम्हा हिंदू मुलींना त्यातून सूट होती. त्या बाहेर येत तेव्हा त्यांचे चेहरे धुतल्यासारखे दिसत, आणि मला हेवा वाटे. ती सूट सूर्यकांतने जन्मभरासाठी घेतलेली दिसते. मी ती रद्द करते.

हे मृत्युपत्र वाचून, समजून, मी त्यावर दोन साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही केली. दोघांनाही यातून काही मिळत नाही, म्हणूनच त्यांना बोलावले. नर्मदाबाई येणार होत्या, पण बांगड्या घेणाऱ्याने साक्ष करू नये.

सही: सरला बंडोपंत मुळावेकर
साक्षीदार: १. भीमसिंग रूपसिंग, पेन्शनर पोस्टमन, हिंगोली. (यांनी दोनदा विचारले, “बाई, हे खरंच लिहायचं व्हय?” दोनदा हो म्हटले.)
२. गंगूताई, सुईण, हिंगोली. निशाणी अंगठा.
स्थळ: हिंगोली, जिल्हा परभणी. गुरुवार, दिनांक २१ ऑक्टोबर १९४८, सकाळी साडेनऊ.

या कागदाची नक्कल भीमसिंगांच्या हाती चि. सूर्यकांत यास पाठवीत आहे. मूळ कागद, मी असो वा नसो, सोमवारी चौकशीत वाचला जाईल. त्याआधी तुला हे सांगणे:

प्रश्न एकच आहे. सोमवार, दिनांक १९ एप्रिल १९४८, सकाळी दहा वाजता तू कुठे होतास? उत्तर शाईने, पूर्ण वाक्यात, सही व तारीख घालून लिहावे. ते शनिवार, दिनांक २३ ऑक्टोबर, दुपारी चार वाजेपर्यंत माझ्या हाती यावे. तोंडी निरोप चालणार नाही. कोणाच्या हाती पाठवू नकोस, स्वतः आण. दारावरची फुली पुसूनच आत ये. तुझ्यासाठी पाणी भरून ठेवते.