धुराचं मिश्रण

मी, खाली सही करणारा, पत्र्याच्या कारखान्यातला निवृत्त प्रेस-ऑपरेटर, शरीराने थकलेला, दोन्ही कानांनी ठार बहिरा, परंतु डोकं पूर्ण ठिकाणावर असलेला, कोणाच्याही धाकाला वा गोडबोलण्याला बळी न पडता राजीखुशीने लिहून ठेवतो की, माझ्या पश्चात माझ्या चीजवस्तूंची व्यवस्था येणेप्रमाणे लावावी. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी.

१. राहतं घर माझ्या एकुलत्या एका लेकीचं. ते मुळात तिच्या आईच्या पगारावर उभं राहिलं. आई दवाखान्यात कंपाउंडर होती, आणि माझा पगार हौसेच्या मॉडेल विमानांत उडाला असं ती चारचौघांत सांगायची. मागच्या खोलीचं दार दमट हवेत फुगतं, खालून लाथ मारली की उघडतं. जावईबापूंनी त्याला रंधा मारायचं मनावर घेतलं तर उत्तमच, पण त्यांचं मनावर घेणं मी ओळखून आहे.

२. बँकेतली ठेवही लेकीलाच. त्यातून विमानांच्या मैदानावर गवत कापणाऱ्या बाबाला, हात आखडता न घेता, काहीतरी द्यावं.

३. लेथ, पाने, कानशी आणि नायट्रोची उरलेली बाटली माझ्या त्या मित्राला, ज्याला सगळं मैदान ‘तीस टक्के’ म्हणतं. तो इंधनात तीस टक्के नायट्रो ओततो, मग विमान किंचाळत जातं आणि इंजिन भाजून निघतं. मी नायट्रो नावापुरतंच घालतो म्हणून त्याने मला चिक्कूशेठ नाव ठेवलं. “काय शेठ, नायट्रो महाग म्हणून एरंडेल पाजता होय इंजिनाला? जुलाब होतील की त्याला!” असं मला ओठांवरून वाचता यावं म्हणून तोंड वासून म्हणायचा. त्याला साक्षीदार करणार होतो, पण साक्षीदाराला काही देता येत नाही असं वकीलबाई म्हणाल्या. मग म्हटलं, बाटलीच घे बाबा.

४. चिक्कूपणाचा खुलासा. या छोट्या इंजिनांत मुख्य इंधन मिथेनॉल. वंगणाला एरंडेल आणि जोर यायला नायट्रो. इंजिनाला इंधन किती सोडायचं ते एका बारीक सुईने ठरतं, आणि सुई किती फिरवायची ते आवाजावरून. माझे कान तर प्रेसने कधीच खाल्ले होते. म्हणून सुई मी फिरवायचो आणि ऐकायची ती, लेकीची आई. माझ्या डाव्या हाताला उभी राहायची. बोट वर म्हणजे अजून सोडा, बोट खाली म्हणजे आवळा, आणि मूठ वळली म्हणजे लागलं बरोबर, आता हात लावू नका. मिश्रणही तीच करायची, औषधाच्या मापाने, “डोस चुकला तर पेशंट दगावतो” म्हणत. पंधरा टक्के नायट्रो. कमी नाही, जास्त नाही.

ती गेल्यावर डाव्या बाजूला हात नव्हता. मग मी नायट्रो कमी करून एरंडेल वाढवलं, कारण एरंडेल जास्त असलं की धूर दिसतो. पांढरी जाड शेपूट निघाली तर इंजिनाचं पोट भरलंय. शेपूट विरली तर ते उपाशी आहे, आता तापणार. विमान जड उडतं, पंखावर तेलाचा राडा होतो. पण मला दिसतं तरी. इतकंच आहे ते.

५. पोरी, हे कलम तुझं. आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी तू मला मैदानावर विमानापाशी पाहिलंस. “आई कालच गेली, बाबा, आणि तुम्हाला विमानं सुचतायत?” हे मी तुझ्या ओठांवर वाचलं. तू पाठ फिरवलीस. तेव्हापासून तू येतेस, जेवण ठेवतेस, डॉक्टरकडे नेतेस, काही कमी करत नाहीस. पण बोलतेस ती दुसरीकडे तोंड करून, आणि तू तोंड फिरवलंस की मला काहीच कळत नाही गं.

फळीवरचा निळा डबा तिने दवाखान्यात भरती व्हायच्या आधी मिसळला होता. उघडलेलं इंधन हवेतलं पाणी ओढतं आणि वाया जातं. खाटेवरून तिने मला शेवटचं सांगितलं ते एवढंच, “निळा डबा उघडाय, पाणी धरेल, संपवा तेवढा.” मी तो संपवायला गेलो होतो. इंजिन सुरू झालं, मी सवयीने डावीकडे बघितलं. मग अंदाजाने सुई फिरवली आणि ते बंद पडलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा डावीकडे बघितलं. तू आलीस तेव्हा माझं हेच चाललं होतं. डबा अजून तसाच आहे. मला तो संपवता आला नाही आणि टाकवलाही नाही.

६. मोठं विमान, त्याचं इंजिन आणि आईचा मापाचा ग्लास लेकीला. निळ्या डब्यातलं इंजिनात घालू नकोस, ते आता मेलंय. तो तू टाक. नवीन मिसळ, खिडकी उघडी ठेवून, पोरांना लांब ठेवून, मिथेनॉल विष असतं. पण माझं धुराचं मिश्रण करू नकोस, ते बहिऱ्याचं आहे. आईचं कर. पंधरा टक्के. तुला ऐकू येतं. लहानपणी तिच्या कडेवरून तिच्याआधी तूच मूठ वळायचीस.

‘तीस टक्के’ सुई फिरवेल. तू त्याच्या डावीकडे उभी राहा. बरोबर लागलं की मूठ वर कर. मी बघायला नसेन, तरी कर.

वरील सर्व मी स्वहस्ते लिहिलं, स्वतः वाचलं, आणि साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही केली.

लिहून ठेवणार: (सही)

साक्षीदार १: कानाचे डॉक्टर. कान गेलेत, डोकं शाबूत आहे, असं तपासून. (सही)

साक्षीदार २: शेजारचे शिंपी. (सही)

ठिकाण: मागची खोली, इंधन मिसळायचं टेबल.

तारीख: वकीलबाईंच्या शिक्क्याखाली आहे तीच.