अंजूचा उजवा हात

शेलूबाजार,
१० डिसेंबर २०२५

चि. अंजू,

तुला आशीर्वाद आणि आईबाबांना नमस्कार. तिकडे थंडी फार असेल. पाचटाच्या कोपीत खाली जाड अंथरूण घाल, जमिनीची ओल चढते. इकडे तुरीच्या शेंगा भरल्यात, नववीचा वर्ग नेहमीसारखा गोंगाट करतो, आणि तुझ्या वर्गातल्या सरितानं चष्मा लावलाय. तेव्हापासून ती माझ्याशीसुद्धा मुख्याध्यापकासारखी बोलते.

मी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा तुझे बाबा, मदनसिंगभाऊ, म्हणाले, ‘मॅडम, पोरगी फोनवर येऊन नाई राह्यली.’ म्हणून हे पत्र. बाबूलाल मुकादम शुक्रवारी जीप घेऊन तुमच्या उसाच्या फडावर निघतोय, त्याच्या हाती देते. फेकायचं असेल तर फेक, पण वाचून फेक.

आपल्या वर्गाची ती युक्ती तुला माहीतच आहे. तरी लिहिते, कारण आजवर ती मी कधी कागदावर येऊ दिली नाही. पाहुणे आले की प्रश्नाला सगळ्यांनी हात वर करायचा. ज्याला येतं त्यानं उजवा, ज्याला येत नाही त्यानं डावा. पाहुण्यांना सगळा वर्ग हुशार दिसतो आणि मी उजव्या हातांनाच उठवते. झाकली मूठ सव्वा लाखाची. बावीस वर्षं मी ही मूठ झाकत आले, आणि वर स्वतःला हुशार समजत आले.

गेल्या वर्षी तू पाच महिने फडावर होतीस, म्हणून तुला मी डाव्यात घातलं. यंदा दिवाळीनंतर आईबाबा गेले आणि तू शाळेसाठी आजीजवळ मागे राहिलीस, तरी डाव्यातच ठेवलं. मग वाशीमहून साहेब पाठ बघायला आले. डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या सरिताला इंग्रजीत वाट सांगत बाकांमधून दारापर्यंत न्यायचं, हा आपला खेळ मी लावला. कोण नेईल, असं विचारल्यावर तू उजवा हात वर केलास. मला वाटलं, तुझा गोंधळ झाला. मी नेहमीच्या उजव्या हातांतल्या नवीनला उठवलं.

गोंधळाची ती ओळ खोटी आहे. खोडत नाही, राहू दे. आदल्या दिवशी नळाजवळ मला गाठून तू सांगितलं होतंस, ‘मॅडम, मले येते आता.’ मी घाईत ‘बरं, बरं’ म्हटलं आणि निघाले. पाच मिनिटं थांबून ऐकलं असतं तर काय बिघडलं असतं? पण तू अडखळशील आणि माझा पाठ पडेल, अशी मला भीती होती.

आणि त्याहून वाईट ते पुढे झालं. नवीनची पाळी झाल्यावरही तुझा हात वरच होता. साहेबांनी स्वतः तुझ्याकडे बोट दाखवलं, त्या मुलीलाही संधी द्या म्हणाले. मी हसून म्हटलं, ‘ती ऊसतोडीला जाते सर, कच्ची आहे.’ अख्ख्या वर्गासमोर. तू हात खाली घेतलास. दुसऱ्या दिवशी तू आली नाहीस, आणि आठवड्याच्या आत फडावर निघून गेलीस.

मी तांड्यावर तुझ्या आजीकडे, गोमतीबाईंकडे गेले. त्यांनी चहा दिला आणि म्हणाल्या, ‘पोरगी तं बैलाइले बी इंग्रजीत हाकते. तुमाले माईत नाई?’ मग बाबांनी फोनवर सांगितलं की गेल्या वर्षी उसाची गाडी मागे घेताना चाकाजवळ उभी राहून तू त्यांना इंग्रजीतच वाट सांगायचीस. पट्टीचा खेळ तू वर्गात एकदाच खेळली होतीस अंजू, आणि पाच महिने तिकडे घोटलास. इथे बाकावर बसलेल्या कुणी तेवढा घोटला नाही.

सोमवारी मी वर्गापुढे सगळं कबूल केलं. मला वाटलं, पोरं चकित होतील. नवीन उठला आणि म्हणाला, ‘आमाले माईत होतं मॅडम. मले तं अंजूनंच शिकवलं.’ नवीनच्या ज्या इंग्रजीवर साहेबांनी टाळ्या वाजवल्या ती तुझी होती, आणि हे माझ्याशिवाय सगळ्या वर्गाला ठाऊक होतं.

साहेबांना मी खरं काय ते लिहून पाठवलंय. व्हायचं ते होईल. वर्गात डावा हात आता बंद आहे. ज्याला येत नाही तो तसं सांगतो. परवा एका शब्दाचा अर्थ मलाच आला नाही, मग मीही सांगितलं.

बाबा म्हणतात, तू हो म्हटलंस तर ते पाठवतील. बाबूलालची जीप रविवारी परत येते, त्याला मी पुढची जागा राखायला सांगितलंय. नाही आलीस तर रागावण्याचा हक्क मला उरलेला नाही. तुझी शाळा माझ्यापायी सुटली तर मला झोप लागणार नाही, असं लिहिणार होते. पण तेही माझंच रडगाणं झालं. तुझ्यासाठी एवढंच लिहिते की तुला येतं, आणि हे मी सगळ्यांसमोर म्हणेन.

आलीस तर पट्टी माझ्या डोळ्यांवर बांध. बाकांमधून दारापर्यंत तू मला ने. कुठे आपटले तर आपटू दे.

तुझा उजवा हात जिला त्या दिवशी स्पष्ट दिसला होता, ती

विजयमाला