हिजिगामाची हाडे कोणी उचलायची

हे लिहायला फार उशीर झाला, त्याबद्दल सर्वांची, आणि विशेषतः चिझुरुची, माफी मागतो. वसंतातच लिहिणार होतो. तेव्हा चष्मा मोडला. मग उन्हाळ्यात हात थरथरायला लागला आणि वाटले, असले अक्षर पाहून कोर्ट म्हणेल, म्हातारा शुद्धीत नव्हता. आज हात बरा आहे.

मी, हिराओका तोमेकिची, वय वर्षे त्र्याऐंशी, धंदा तातामी चटया शिवण्याचा, राहणार ओकायामा, देवळामागची गल्ली, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. कोणी दटावून किंवा दारू पाजून हे लिहून घेतलेले नाही. याआधी असा कागद मी केलेला नाही. माझी शाळा अर्धवट सुटली, तेव्हा काही अक्षरे चुकतील, पण अर्थ चुकलेला नाही.

स्वतःच्या हाताने लिहिले की साक्षीदार लागत नाहीत, असे म्हणतात. तरी दोन घेतले आहेत. उरले तर उरले, कमी पडायला नकोत.

कलम पहिले. घर, दुकान आणि मागचे अंगण माझी एकुलती मुलगी चिझुरु हिला. पूर्वेकडचे कौल गळते, खाली बादली ठेवावी. शेजाऱ्याच्या पर्सिमनच्या झाडाच्या फांद्या आमच्या हद्दीत येतात आणि तो कुंपणावरून वाकून फळे तोडून नेतो. ती फळे चिझुरुची. हे मी त्याला तोंडावर कधी बोललो नाही, म्हणून इथे लिहितो.

कलम दुसरे. पोस्टात आहे ते सर्व चिझुरुला. माझे आणि देवळाचे जे काही करावे लागेल ते त्यातूनच करावे.

कलम तिसरे. हत्यारे, म्हणजे चटई कापायचा सुरा, लांब सुया आणि तळहाताला बांधायचे चामडे, कुवाता यांना. ते मला चटईचे गवत पुरवायचे. आता गवतही नाही आणि गिऱ्हाईकही नाही, पण सुया तेलात ठेवाव्यात एवढे तेच लक्षात ठेवतील.

कलम चौथे. वरच्या मजल्याची खोली. इथे जरा जास्त लिहावे लागेल.

चिझुरु शाळेत होती तेव्हा ही खोली मी तीन पोरांना भाड्याने दिली होती. ती टीव्हीवर खेळायचा एक खेळ तयार करत होती. सात कंदील शोधत फिरणारा एक शूर मुलगा आणि वाटेत त्याला अडवणारे नाना प्राणी. प्राणी काढायचे काम मुरासेकडे होते. केस डोळ्यांवर आलेला, दोन वेळा जेवायला विसरणारा मुलगा. फुमिए, माझी बायको, त्याला भाताचे गोळे नेऊन द्यायची. मी अंगणात उकिडवा बसून चटई शिवायचो. दोरा घट्ट बसावा म्हणून आम्ही चटईवर कोपर दाबतो, सुई तोंडात धरतो, आणि चटई उचलताना ‘योइशो’ म्हणतो. हे सगळे मुरासे खिडकीतून बघत होता, हे मला माहीत नव्हते.

खेळ बाजारात आला. त्यात गवताच्या दलदलीत राहणारी एक जात होती, हिजिगामा. म्हणजे कोपराने मारणारा बेडूक. उकिडवा, खालचा ओठ लोंबलेला, तोंडात सुई. तलवारीचा घाव बसला की ‘योइशो’ म्हणून आडवा होतो आणि एक नाणे टाकतो. गल्लीतल्या कोणालाही सांगावे लागले नाही की तो कोण.

मला त्याचे काही वाटले नाही. खरे सांगायचे तर पहिले चार दिवस बरेच वाटले. पण चिझुरुच्या वर्गातली पोरे तिला कोपराने ढोसून म्हणायची, “ए हिजिगामाच्या पोरी, नाणं टाक!” ती घरी आली आणि म्हणाली, “बाबा, तुम्ही अंगणात बसू नका ना.” मी म्हणालो, “अगं, आत उजेड नाही. वाकडा टाका बसला तर चटई कोण घेईल?” त्यानंतर ती माझ्याशी फारसे बोलली नाही. शाळा संपताच पार उत्तरेच्या हाकोदातेला गेली. त्याहून लांबचे गाव तिला नकाशात सापडले नसावे.

ती जाण्याआधी, मुरासे तिची माफी मागायला आला होता. सोबत ईल मासा आणला होता. तो तेव्हा मोठा माणूस झाला होता. ताटात शेवटचा तुकडा उरला. मी जेवायच्या काड्या पुढे केल्या, त्यानेही त्याच वेळी केल्या, आणि एकच तुकडा आम्ही दोघांनी धरला. दोघांच्या काड्यांनी एकच गोष्ट उचलायची ती फक्त दहनानंतर, हाडे कलशात ठेवताना. फुमिएने ताटावर हात मारला. “सोडा! दोघंही सोडा!” मुरासेने सोडला, मीही सोडला, तुकडा चटईवर पडला. त्याच हिवाळ्यात फुमिए वारली.

त्या दिवसापासून मुरासे यांना माझा उंबरा बंद केला. बहिष्कार आजन्म राहील, असे मी लिहिणार होतो. पण तसे लिहिता येत नाही. कारण सांगतो.

खोलीत तो खेळाचे यंत्र ठेवून गेला होता. फुमिएनंतर संध्याकाळी घरात आवाज नसायचा, म्हणून एकदा लावले. मला लढता येत नाही. शूर मुलाला कसाबसा दलदलीपर्यंत नेले आणि काठावर उभे केले. आपण जवळ गेलो नाही, तर हिजिगामा काही करत नाहीत. पाठ करून बसतात. तिन्हीसांजेचा उजेड, गवत हलते आहे आणि जिकडे तिकडे मीच मी उकिडवा बसलेलो, कोणी कोणाशी बोलत नाही. मी रोज तिथे जाऊन बसायला लागलो.

मग गेल्या वर्षी पहिल्यांदाच काठ सोडून आत गेलो, तेव्हा गवताच्या पार मागे, एक वेगळी दिसली. लहानखुरी, डोक्याला पंचा बांधलेली, गाठ डाव्या कानावर. तशी गाठ फक्त फुमिए मारायची. ती मारत नाही. माझ्या हातून चुकून एखाद्याला घाव लागला की उठून त्याच्याजवळ जाते, पाठीवर हात ठेवते आणि तो उठून बसतो. समोरच्या जुन्या खेळांच्या दुकानातल्या पोरांना विचारले, तर म्हणाली, “आजोबा, ती? तिला आधी मारायचं. ती असली की ते संपतच नाहीत.”

मी मुरासेला फोन केला. तो तोक्योला असतो, त्याचेही गुडघे गेले आहेत. म्हणालो, “तिलाही काढलंस आणि मला विचारलंसुद्धा नाहीस?”

तो म्हणाला, “मालक, तुम्हाला एकट्याला त्या चिखलात बसवलेलं बघवेना.”

तेव्हा बहिष्कार रद्द. ते यंत्र मुरासे यांना परत द्यावे. चालू आहे, काळजीने वापरले आहे.

कलम पाचवे, आणि हेच मुख्य. माझे दहन झाल्यावर हाडे उचलायला दोन माणसे लागतात, एक या बाजूने, एक त्या बाजूने. पायापासून सुरू करावे, म्हणजे कलशात मी उभा राहीन. गळ्याचे हाड शेवटी. ते बसलेल्या बुद्धासारखे दिसते, आणि ते रक्ताच्या माणसाने उचलायचे असते. एका बाजूला मुरासे येईन म्हणाला आहे. दुसरी बाजू रिकामी आहे. माणूस नसेल तर दहनगृहातला नोकर काड्या धरतो, असे ऐकले. तो सभ्य असेल, पण तो मला ओळखत नाही. मला झोप लागत नाही ती एवढ्याचसाठी.

दरवर्षी येणारे चिझुरुचे नववर्षाचे कार्ड यंदा आले नाही. तिच्या सासरी कोणी गेले असेल तर कार्ड पाठवत नाहीत, हे मला कळते. पण मग तसे कळवणारे सुतकाचे कार्ड तरी येते. तेही नाही. म्हणजे टपालात हरवले, की ती आजारी आहे, की आता पुरे झाले असे तिने ठरवले, यातले काय ते मला समजत नाही.

म्हणून या कागदाची नक्कल आजच हाकोदातेला पाठवतो आहे. साक्षीदार सेत्सु-सान, ज्यांचा कोपऱ्यावर हमामखाना आहे, त्या हसल्या. “अहो तोमे-सान, मृत्युपत्र मेल्यावर उघडतात! आधीच टपालात टाकणारे तुम्ही पहिलेच.” मी म्हणालो, “मेल्यावर उत्तर आलं तर वाचणार कोण? तुम्ही?” कुवाता म्हणाले, “उत्तर येईपर्यंत मरू नकोस म्हणजे झालं. तुझ्या सुयांना तेल घालायची मला घाई नाही.” मग तिघांनी चहा घेतला आणि ते दोघे गेले.

वर लिहिलेले सर्व माझ्या इच्छेने, माझ्या हाताने.

ठिकाण: ओकायामा
रेइवा राजवटीचे सहावे वर्ष, नोव्हेंबरची नऊ तारीख

हिराओका तोमेकिची (शिक्का)

साक्षीदार:
ओकुबो सेत्सु
कुवाता मोसाबुरो

चिझुरु, घर आणि पोस्टातले तुझेच आहे, तू आलीस तरी आणि नाही आलीस तरी. त्यात अट नाही. ये असेही म्हणत नाही, हाकोदाते लांब आहे आणि नोव्हेंबरात तिकडे बर्फ पडतो. दुसऱ्या बाजूला तू असशील की नाही, एवढे मात्र लवकर कळव. नाही असेल तर नाही म्हण. पत्र लिहायला जड वाटले तर फोन कर, नंबर जुनाच आहे. मला उठून फोनपर्यंत जायला वेळ लागतो. लगेच ठेवू नकोस. वाजू दे.